जीमॅट: दर आठवड्याला पूर्ण मॉक देणं थांबवा

ओवी_स
जीमॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागलं की सगळ्यात आधी एकच सल्ला कानावर येतो: भरपूर मॉक, म्हणजे सराव परीक्षा, द्या. मला हा सल्ला घातक वाटतो. सव्वादोन तास ६४ प्रश्नांशी झगडून दमलेला माणूस स्कोअर बघतो, खट्टू होतो, उत्तरं वरवर चाळतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करतो. यात अभ्यास कुठे झाला?

चुका लिहून ठेवा, आणि नीट लिहा. समजा, एका संख्येचा वर्ग ९ दिला होता आणि तुम्ही फक्त ३ धरून पुढे गेलात, −३ सुटली. वहीत 'सिली मिस्टेक' लिहिलंत तर हाती काहीच लागत नाही. 'ऋण किंमत तपासली नाही' असं लिहिलंत की तीच चूक असमानतांमध्ये आणि केवलमूल्यातही होतेय हे दिसायला लागतं. क्रिटिकल रीझनिंगचंही (युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांचं) तसंच. तिथे बहुतेक जण फसतात ते खऱ्या वाटणाऱ्या, पण निष्कर्षाशी संबंध नसलेल्या पर्यायाला. मागच्या मॉकमधल्या प्रत्येक चुकीचं कारण एका वाक्यात सांगता येत नाही, तोवर पुढचा मॉक देऊच नये.

मंदार०९
अजिबात पटलं नाही. क्वांटला (गणिताच्या सेक्शनला) ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. व्हर्बलला (इंग्रजी वाचन आणि तर्काच्या सेक्शनला) तेवढ्याच वेळात २३, तिथे पुरती दोन मिनिटंही नाहीत. उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही आणि शेवटचे प्रश्न राहिले तर स्कोअरला फटका बसतो. अडलेल्या प्रश्नावर अंदाजाने टिक करून पुढे सरकायचं धाडस वही लिहून येत नाही, ते घड्याळासमोरच येतं. हुशार मुलं इथेच मार खातात, कारण त्यांना अडलेला प्रश्न सोडून देववत नाही.

ओवी_स
त्यासाठी एकच सेक्शन ४५ मिनिटं लावून सोडवा की. पूर्ण मॉक कशाला?

मंदार०९
कारण सेक्शन तीन आहेत आणि ब्रेक एकच, तोही दहा मिनिटांचा. कुठले तरी दोन सेक्शन सलग द्यावेच लागतात. कुठले दोन? डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचा सेक्शन) शेवटी ठेवला तर तेव्हा तक्ते वाचण्याइतकं डोकं शाबूत असतं का? क्रम आपणच निवडायचा असतो, आणि तो पूर्ण मॉक दिल्याशिवाय ठरवता येत नाही.

सई_लिहिते
नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांच्या बाजूने बोलते. अधिकृत मॉक फुकट मिळतात दोनच. तेच पुन्हा दिले तर ओळखीचे प्रश्न येऊन स्कोअर फुगू शकतो, आणि त्या आकड्यावर विसंबून लोक परीक्षेची तारीख घेतात. म्हणून निदान अधिकृत मॉकच्या बाबतीत मी ओवीच्या बाजूची आहे.

आणि कृपा करून जुनं साहित्य बाजूला ठेवा. २०२३ च्या शेवटी आलेल्या नव्या स्वरूपात सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) नाही, निबंध नाही, तरी त्यावर महिनेच्या महिने घालवणारे दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. स्कोअरचंही लक्षात ठेवा: नवा स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये असतो आणि त्याच्या शेवटी ५ असतो. जुन्या ७०० च्या तोडीचा नवा स्कोअर साधारण ६४५ आहे. ६४५ बघून रडू नका!

नवखा_विद्यार्थी
मग पहिला मॉक द्यायचा कधी? अभ्यासक्रम संपल्यावर?

ओवी_स
नाही, एक अगदी सुरुवातीला, कच्चे दुवे कळायला. नंतर विषयवार सराव आणि वही. पूर्ण मॉक पुन्हा शेवटच्या महिन्यातच.

मंदार०९
महिना कमी पडेल. उत्तरं बदलण्याचंच घ्या. सेक्शन संपताना तीन उत्तरं बदलता येतात, पण वेळ उरला तरच. तो उरवायची सवय लागायला दोन महिने तरी हवेत. @नवखा, निदान पंधरा दिवसांतून एक पूर्ण मॉक दे, आणि वही मात्र ओवी सांगतेय तशीच ठेव.