३० वॅटच्या ॲम्प्लिफायरला कोणते बुकशेल्फ स्पीकर घ्यावेत?

प्रश्न: माझा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला ३० वॅट देतो. ८४ आणि ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठ्याने वाजतो, त्याच्या) जोड्यांपैकी कोणती घ्यावी?

उत्तर: ८९ची, असे मी आग्रहाने सांगेन. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट शक्ती लागते. म्हणजे ८९चा स्पीकर ३० वॅटमध्ये जितका वाजेल, तितका आवाज काढायला ८४च्या स्पीकरला सुमारे ९५ वॅट लागतील.

दुसरे उत्तर: इम्पिडन्सही (स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) पाहावा. तो ४ ओहमच्या खाली उतरत असेल, तर ॲम्प्लिफायर तापतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्या स्पीकरवर ‘कमाल १०० वॅट’ लिहिले आहे, ते चालेल का?

पहिले उत्तरदाते: निश्चित चालेल; तो आकडा केवळ स्पीकरची सहनशक्ती सांगतो. मात्र लहान ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणून क्लिपिंग (ध्वनिलहरींची टोके छाटली जाणे) होऊ दिले, तर ट्विटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) जळू शकतो.