एवढ्या उन्हात बाळाला पाणी पाजू का नको? लवकर सांगा

रावेरची_लेक: इथं भुसावळला ४५ डिग्री चाललंय, कूलर नुसती गरम हवा फेकतोय. सासूबाई म्हणतात उकळलेलं पाणी चमच्याने दे, डॉक्टरीणबाई म्हणतात फक्त अंगावरचं. बाळ सारखं मागतंय, म्हणजे दूध पुरत नाही ना? डब्याचं चालू करू का? संध्याकाळी परत यावरून घरात वाजणारे.

निंबोळी: बाळ केवढंय ते तर लिही! लघवी कितीदा?

केळीवाला: आमच्या दोन्ही पोरांना आजीने पाणी पाजलं, घुटी पाजली. आज केळीचे घड उचलतात. काही होत नसतं.

निंबोळी: दादा, तुमची बचावली म्हणून सगळ्यांनी पाजायचं का? सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाण्याने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी बनतं. वर हगवणीची भीती ती वेगळीच.

धुळ्याची_माई: माय वं, तूच नीट खात नसशील. अळीवाची खीर खा, डिंकाचे लाडू खा, शेपूची भाजी खा.

सातपुडा७७: मे महिन्यात डिंक? 😂

रावेरची_लेक: सव्वा महिन्याचं आहे. लघवी दिवसात सात-आठदा. जन्माला २८०० ग्रॅम होतं, काल ३९०० भरलं. आता सांगा.

निंबोळी: मग पुरतंय की दूध! उन्हात तान्हं तहानेनेसुद्धा मागतं, थोडं ओढून सोडून देतं. मागेल तेव्हा घे, रात्रीसुद्धा. पाणी तू पी. डब्याचं कशाला?

वाघूर_काठची: पाजल्याने आपलाही फायदा असतो हं, गर्भाशय लवकर आवळतं, स्तनाच्या नि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. पाळी आली नसेल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरच असेल तर दिवस राहायची शक्यता पण खूप कमी.

रावेरची_लेक: ताई, ते विचारलंच नाही मी 🙈 सासूबाईंना कसं सांगू ते सांगा.

निंबोळी: तू सांगूच नको. पुढच्या डोसला त्यांनाच सोबत ने, बाळ त्यांच्याच मांडीवर दे आणि डॉक्टरीणबाईंना त्यांच्यासमोर विचार.

केळीवाला: आमची आई डॉक्टरचंही ऐकायची नाही. बरं ते जाऊ द्या, कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने लावलाय ना? समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत तो गारवा देतच नाही.

रावेरची_लेक: खोलीत मधोमध ठेवलाय.

केळीवाला: मग गरमच फेकणार ना वो ताई!