मालवणच्या किनाऱ्यावर खऱ्या गोष्टी आणि नवं संगीत: सोलापूरहून जाताना काय बघावं?

विणकर_गल्ली (सोलापूर):

नमस्कार मंडळी. आमच्या गटाचा कार्यक्रम असा असतो: माणसानं स्वतःच्या आयुष्यातली खरी गोष्ट हातात कागद न घेता सांगायची, आणि त्या एका गोष्टीसाठीच बांधलेलं संगीत शेजारी बसून वाजवायचं. इथं सोलापुरात सांगणारे म्हणजे बंद पडलेल्या गिरण्यांतले कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, चादरीचे कारागीर. बंद सभागृहात असल्यामुळं सगळं हाताशी असतं.

आता मालवणजवळच्या एका मच्छीमार वस्तीतून बोलावणं आलंय, फेब्रुवारीच्या शेवटी. सहाही सांगणारे तिथलेच: रापण (किनाऱ्यावरून दोऱ्यांनी ओढायचं मोठं जाळं) ओढणारे, एक तांडेल (होडीचा प्रमुख), मासे विकणाऱ्या बायका. वाजवणारे आमचे चौघं: पेटी, तबला, बासरी आणि एकजण दिमडी (छोटा डफ) व तुणतुणं. गावकरी म्हणतात जेटीवर उघड्यावर करा. गोष्ट किती मिनिटांची ठेवावी, संगीत आधी बांधून न्यावं की तिथं जाऊन, आपल्या कोरड्या हवेतली वाद्यं तिकडं टिकतील का, आणि समुद्राच्या आवाजात बोलणं ऐकू येईल का? अनुभवी लोकांनी नेमकं सांगा.

आस_आणि_ठेका:

आधी गोष्ट, मग संगीत. उलटं करू नका. सोलापुरात बसून 'समुद्राची धून' बांधून नेलीत तर ती कुठल्याच गोष्टीची होणार नाही.

वेळ: एका गोष्टीला 7 ते 8 मिनिटं. सावकाश बोलण्याच्या गतीनं एवढ्यात साधारण हजार शब्द होतात. न्यूयॉर्कच्या 'द मॉथ' या खऱ्या गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेनं 1997 पासून हा प्रकार रुळवला, त्यांच्या स्पर्धेत 5 मिनिटं आणि वर एक मिनिट सवलत असते. वेळ संपल्याची खूण तिथंही वाद्यानंच देतात. पण तिथले सांगणारे या प्रकाराला सरावलेले असतात. रापणीवरचा माणूस पहिली दोन मिनिटं गावाची, घराण्याची ओळख देण्यातच घालवणार, आणि ती कापायची नसते, त्यातच त्याचा आवाज मोकळा होतो. सहा गोष्टी, मधली वाद्यं, निवेदन धरून सव्वा तास. त्याच्या पुढं नेऊ नका.

बांधणीची पद्धत: प्रत्येकाला गोष्ट दोनदा सांगायला लावा, मध्ये एखादा दिवस जाऊ द्या, दोन्ही वेळा फोनवर ध्वनिमुद्रण करा. लिहून घेऊ नका. लिहिलं की माणूस लिहिलेलंच आठवायला लागतो आणि तोंडातली मालवणी जाऊन शाळेतली मराठी येते. दोन मुद्रणं शेजारी लावून ऐका. जे प्रसंग दोन्ही वेळा त्याच क्रमानं येतात ते गोष्टीचे खांब. संगीत फक्त खांबांवर टेकवा. मधलं सगळं त्या रात्री बदलणार आहे.

म्हणूनच वाजवणाऱ्याला 'अमुक शब्द आला की सुरू कर' असं सांगून ठेवणं धोक्याचं. पाठांतर नसलेला माणूस तो शब्द उच्चारेलच असं नाही, मग पेटीवाला वाट बघत बसतो आणि जागा निघून जाते. खूण प्रसंगाची हवी: होडी पाण्यात लोटली, दोरी तुटली, बाई बाजारातून परत फिरली. शब्द कुठलेही असोत, प्रसंग चुकत नाही.

बोलण्याखाली चालू ठेका देऊ नका. ठेका सुरू झाला की सांगणारा नकळत मात्रेवर बोलायला लागतो, आणि गोष्टीचा पोवाडा होतो. पोवाड्यात ते शोभतं, कारण शाहिराचे शब्दच लयीत बांधलेले असतात. ठेका ठेवायचा तर जिथं कामालाच लय आहे तिथं, म्हणजे रापणीच्या दोऱ्या दोन्ही टोकांनी ओढताना. ती लय अंदाजानं धरू नका, ओढणाऱ्यांना ओढून दाखवायला सांगा आणि मोबाईलच्या मेट्रोनोमवर मोजा.

सुराबद्दल: बोलताना पुरुषाचा आवाज साधारण 100 ते 130 हर्ट्झमध्ये फिरतो, बाईचा 200 च्या आसपास, म्हणजे पेटीच्या पांढरी 5 या पट्टीच्या जवळ. वाक्य संपताना आवाज जिथं टेकतो तो सूर ट्यूनरवर बघा. पेटीचा आस (मागे धरून ठेवलेला एकच सूर) त्या सुराच्या षड्जावर किंवा पंचमावर धरला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. अर्धा सूर इकडंतिकडं असला तर ऐकणाऱ्याला कारण न कळता खटकत राहतं. बासरी मात्र बोलण्यावर चढते, ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेतच.

आणि सहापैकी एक गोष्ट पूर्ण कोरडी ठेवा. कुठली, ते तालमीत आपोआप कळतं.

गट्ठा_हातोडी (सोलापूर, बाळीवेस):

वाद्यांचं मी सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापुरात दुपारची आर्द्रता 20-30 टक्क्यांवर येते. किनाऱ्यावर संध्याकाळी ती 70 च्या वर असते. कातडं पाणी पितं, सैल पडतं, सूर उतरतो. इथं काळी 1 या पट्टीला लावलेला दाया (उजव्या हाताचा तबला) तिकडं अर्धा सूर सहज खाली जातो. गट्ठे (वाद्यांखाली खोचलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून सूर वर आणता येतो, पण गट्ठे आधीच तळाशी गेलेले असतील तर ओढायला जागाच उरत नाही. म्हणून नेताना असा दाया न्या ज्याचे गट्ठे अजून मधोमध आहेत, आणि दुसरा दाया लहान तोंडाचा, इथं अर्धा सूर चढा लावलेला. तिकडं तो आपसूक हव्या त्या जागी येतो.

खरं नुकसान परतीत होतं. तिकडच्या दमट हवेत ताणून बसवलेली पुडी (वरचं कातडं) तशीच गाडीत घालून आणली की सोलापुरात कातडं आकसतं आणि गजऱ्यापाशी (कडेच्या विणीपाशी) फाटतं. निघण्याआधी गट्ठे वर ठोकून ताण काढा. इथं आल्यावर दोन-तीन दिवसांत हळूहळू लावा.

एक दिवस आधी पोचा. वाद्यं सावलीत, उघड्या खोलीत ठेवा. एसी खोलीत अजिबात नको: तिथं कातडं सुकतं, बाहेर आणलं की पुन्हा पाणी पितं आणि दुसऱ्या गोष्टीपर्यंत सूर घसरतो. फेब्रुवारीत रात्री दवही पडतं, त्यामुळं डोक्यावर ताडपत्री का होईना, छप्पर हवंच.

दिमडी शेकून घ्यायची. मागे एक छोटी शेगडी, निखाऱ्यांपासून वीतभर अंतर, फिरवत दीड-दोन मिनिटं. हाताला चटका लागण्याइतकी तापली तर कडेला तडकते. शेकलेली दिमडी तिकडं फार वेळ ताण धरत नाही, म्हणून दोन ठेवा, एक हातात, एक शेकायला. तबला मात्र कधीच शेकू नका, मधली काळी शाई फुटते. कुणाकडं घोरपडीच्या कातड्याची जुनी दिमडी असेल तर ती घरीच राहू द्या, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते प्रकरण गंभीर आहे. बकरीच्या कातड्याची न्या.

पेटीचे सूर पितळी, ते हलत नाहीत, सगळ्यांनी पेटीलाच मिळवायचं. पण लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि पोलादी स्प्रिंगा खाऱ्या हवेनं गंजतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसून झाकून ठेवा. तुणतुण्याची तारही रोज पुसायची. बासरी गार रात्री उतरते, वाजवण्याआधी पाच मिनिटं फुंकून गरम करा.

रापणीची_दोरी (मालवण):

दोघांनीही चांगलं सांगितलंय. जागेचं आणि माणसांचं माझ्याकडून.

जेटी नको. रात्री होड्या लागतात, बर्फाच्या गाड्या येतात, लिलावाची वेळ तुमच्या कार्यक्रमासाठी कुणी बदलणार नाही. शिवाय तिथं मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते. वाळूवर करायचं तर आधी तिथी बघा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी वर येतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, आज सहाला आहे म्हणून चार दिवसांनी सहालाच असेल असं धरू नका. वाळूवर शेवाळ-शिंपल्यांची जी ओळ दिसते ती मागच्या भरतीची. तिच्या वर किमान वीस पावलं मंडप.

माझं मत विचाराल तर मच्छीमार सोसायटीची जाळी ठेवायची शेड किंवा मराठी शाळेचं पटांगण. आमच्याकडं गाबीत (हिंदू मच्छीमार) आहेत, ख्रिस्ती आहेत, दालदी (मुस्लिम मच्छीमार) आहेत. देवळाच्या मांडात (गावानं जमायच्या जागेत) केलं तर काहीजण येणार नाहीत, आणि ते बोलूनही दाखवणार नाहीत. तारीख ठरवताना आंगणेवाडीच्या जत्रेची खात्री करा, ती तारीख दरवर्षी वेगळी ठरते आणि त्या दिवसांत अख्खा तालुका तिकडं असतो. कार्यक्रम सव्वासातला सुरू, नऊच्या आत बंद. पहाटे होडी असलेला माणूस त्यानंतर थांबत नाही.

गोष्टींतले दोन विषय आधी तपासा. पर्ससीन (मोठ्या घेराच्या जाळ्याच्या) आणि एलईडीच्या (दिव्यांनी मासे ओढणाऱ्या) बोटींवरून इथं जुने वाद आहेत. 'आमची जाळी अमक्यानं तोडली' असं बोटीच्या नावासकट मंचावरून आलं तर गोष्ट राहते बाजूला आणि भांडण जुंपतं. नाव गाळलं तरी गोष्ट खरीच राहते. दुसरं, समुद्रात गेलेल्या माणसाची गोष्ट असेल तर त्याच्या घरी आधी जाऊन विचारा, फोनवर नको. घरचे समोर बसलेले असणार आहेत.

आणि एक. इथल्या दशावताराचा पखवाजवाला सोबत घ्या. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट आयत्या वेळी बोलतो आणि पखवाज-पेटी त्याच्या मागून जाते. वर कुणीतरी प्रसंगावर खूण धरायला सांगितलंय, तेच काम या लोकांच्या हातात मुरलेलं असतं. त्याचं वाद्यही याच हवेतलं. धुमेला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) कणीक किती लावायची हे त्याला बघून कळतं. गजालीतल्या (गप्पांत रंगलेल्या) माणसाला कुठं थांबू द्यायचं तेही.

विणकर_गल्ली:

खूप आभार. शेडचं पटलं. पखवाजवाल्याशी बोलतो, पण मग तबला ठेवायचा की नाही? आणि आमच्या पेटीवाल्यांचं म्हणणं असं की आस सतत चालू असावा, थांबला की कार्यक्रम रिकामा वाटतो.

आस_आणि_ठेका:

तबला घरी ठेवा, एक माणूस आणि एक डोकेदुखी कमी. पखवाज आणि दिमडी एकत्र नको, दोन्हींचा आवाज बोलण्याच्या अंगावर येतो. एका गोष्टीत एकच चामड्याचं वाद्य.

सततच्या आसाबद्दल पेटीवाल्यांना एवढंच सांगा: चालू असलेला आस तीन-चार मिनिटांनी कानाला ऐकूच येत नाही, पंख्याच्या आवाजासारखा. मग तो थांबवता तेव्हाच त्याचा परिणाम होतो, आणि ती थांबायची जागाच तर तुम्हाला निवडायची आहे. तेव्हा आस ठेवा, पण पहिल्या मिनिटात नको (लोकांना तेवढ्यात माणसाचा आवाज ओळखीचा व्हायला हवा), आणि गोष्टीतला सगळ्यात वाईट प्रसंग येण्याआधी काढून घ्या. दुःख यायच्या आधीच करुण सूर लावला तर ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. सांगणारा रडला तर हात वाद्यावरून उचला. तो अडखळला तर पाच सेकंद थांबा, बहुतेकवेळा तो स्वतःच सापडतो, नाही सापडला तर त्याच्या गोष्टीचा चार-पाच सुरांचा तुकडा एकदा वाजवा, दोनदा नाही. वेळेची खूण म्हणून सातव्या मिनिटाला बासरीचा एक लांब षड्ज. तो तालमीतच ओळखीचा करून द्या, नाहीतर माणूस दचकून गप्प बसेल.

खर्ज_आणि_तार:

ध्वनीचं राहिलं. शेडमध्ये करणार असलात तरी समुद्राकडची बाजू उघडीच असते. लाटांचा फसफस आवाज स, श, फ या अक्षरांना खातो. आवाज वाढवून ते सुटत नाही, माइक जवळ आणून सुटतं. साधा डायनॅमिक माइक, एसएम 58 सारखा, तोंडापासून चार बोटांवर, वर स्पंजचं टोपण. मिक्सरवर 100 हर्ट्झखालचं कापून टाका, वाऱ्याची घरघर तिथंच असते. बायकांच्या माइकला 150 पर्यंत कापलं तरी चालेल.

संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून येतात. सांगणाऱ्याची पाठ समुद्राकडं ठेवली तर त्याचंच डोकं माइकला आडोसा होतं आणि आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडं जातो. स्टँड हवाच, पहिल्यांदा बोलणारा हातातला माइक गोष्ट रंगली की छातीपर्यंत खाली नेतो. पेटीला वेगळा माइक देऊ नका, शेडच्या पत्र्यांखाली ती तशीच पुरते. पत्रे आवाज परत फेकतात, म्हणून मोठे दोन स्पीकर पुढं लावण्यापेक्षा छोटे चार बाजूंनी, कमी आवाजात. जनरेटर असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि शेडच्या भिंतीआड.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून, दोन-तीन आठवडे आधी अर्ज. रात्री 10 नंतर बंद, तो नियम 2000 पासूनचा आहे, पण तुम्ही नऊलाच आटोपणार म्हटल्यावर प्रश्न नाही.

चित्रीकरण करून नेटवर टाकायचं असेल तर सांगण्याची संमती आणि टाकण्याची संमती दोन वेगळ्या कागदांवर घ्या. कार्यक्रमात हो म्हणणारी बाई यूट्यूबला नाही म्हणू शकते. संगीताचं म्हणाल तर चाल आणि शब्द यांचे हक्क कायद्यानं वेगळे, दोघांची नावं द्या. चाल बांधणारा आयपीआरएसचा (संगीतकार-गीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) सभासद असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. आणि 'पारंपरिक' म्हणून एखाद्या कोळीगीताची ओळ मध्ये गुंफण्याचा मोह होईल. त्यांतली पुष्कळ गाणी कुणीतरी रचलेली आहेत आणि त्यांचे हक्क अजून चालू आहेत.

गट्ठा_हातोडी:

पखवाज तिकडचा घेताय तर कणकेचं पीठही तिकडचंच घ्या, त्याच्या हाताला सवय असते. आणि दिमडीची शेगडी शेडच्या बाहेर. आत जाळी नायलॉनची असतात.