बोअरची शर्यत गावाने कशी थांबवावी?

प्रश्न: एकाने 300 फूट बोअर घेतली की शेजारच्या विहिरीचा झरा तुटतो, मग तोही बोअर घेतो. ग्रामसभेत ठराव होतो, पण पाळत कोणी नाही. नेमकं काय करावं?

शिवारपाणी: आधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडा. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. 500 हेक्टर शिवारात 400 मिमी पडला तर 20 लाख घनमीटर. यातलं मुरतं थोडंच; बाकीचं वाहून जातं, उडून जातं. ऑक्टोबरमध्ये रात्रभर मोटारी बंद ठेवून सकाळी निवडक विहिरींची पातळी टेपने मोजा आणि आकडे चावडीवर लिहा. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा, मगच रब्बीचं क्षेत्र ठरवा. हिवरे बाजार गावाने हेच केलं. शेतीसाठी बोअर बंद आणि ऊस, केळीही बंद.

काळापाषाण: नुसत्या ठिबकवर विसंबू नका. वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी एकरभर ऊस लावतो, उपसा तेवढाच राहतो. मर्यादा क्षेत्रावर हवी. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात बोअरला 60 मीटर खोलीची मर्यादा आहे, तिचा आधार घ्या.

पाटकरी: ठराव मोडतो तो वाटपावर. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही, माणशी दिलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांचाही हक्क धरला. ज्याला वाटा मिळतो तोच राखण करतो.