आधी देवऋषी, मग डॉक्टर? नको
एकांनी लिहिलंय की कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील तर आधी देवऋषीला दाखवा, फरक नाही पडला तर मग डॉक्टर. मला हे अजिबात पटत नाही, कारण या "आधी"मध्येच आमचे आठ महिने गेले. माझ्या धाकट्या भावाला दोन माणसं त्याच्याबद्दलच बोलतायत असे आवाज यायचे आणि ते दाबायला तो रात्री २ वाजता मिक्सर रिकामाच फिरवत बसायचा, आई म्हणायची बाहेरचं आहे, अंगारे धागे उतारे सगळं झालं. "तुला भास होतात, चल" म्हटलं की तो चिडायचा, त्याला ते खरेच ऐकू येत होते ना. शेवटी म्हटलं तुला झोप नाही लागत, त्याचं औषध आणू, तर लगेच शर्ट घालून तयार. गोळ्यांनी झोप लवकर सुधारली, आवाज विरायला दीडेक महिना लागला.

अजून एक, म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक असं भास झाल्यासारखं बोलायला लागलं तर लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झाल्यानेही होतं, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारचा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानस हेल्पलाइन नंबर आहे १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पण आवाज "मर" किंवा "मार" सांगत असतील तर फोनवर थांबू नका, एकटं न सोडता सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.