शाळेला चालत, एसटीने की मोटारसायकलवर: ठरवतं कोण?

सड्याखालची:
परवा ग्रामसभेत एक ज्येष्ठ म्हणाले, "आम्ही चार मैल चालत शाळेत जायचो. हल्लीच्या पोरांना चालायला नको आणि आईबापांना गाड्यांची हौस." बऱ्याच माना डोलल्या. मला तिथे बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची वाडी राजापूर तालुक्यातली. हायस्कूल साडेसहा किलोमीटरवर. सकाळी पावणेदहाची एसटी आहे, ती शाळेच्या वेळेला बरोबर पोचते. संध्याकाळची सव्वापाचची फेरी मात्र भारमान कमी, म्हणजे गाडीत पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून गेल्या वर्षी बंद झाली. आता पुढची गाडी साडेसातला. पावसाळ्यात तोवर मिट्ट काळोख. मग काय होतं? संध्याकाळी आणायला बाप मोटारसायकल घेऊन जातो. एकदा रोजचं जाणं ठरलं की सकाळीही तोच सोडतो, आणि पास काढायचाच राहतो. वाडीतून हायस्कूलला नऊ मुलं जातात. त्यातली सात अशी जातात. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास फुकट, बाकी विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे पैशाची अडचण जवळजवळ नाहीच. तरी मुलं एसटीत नाहीत, कारण जायची गाडी असून परतायची नाही. पोराने कशाने जायचं ते येतानाची गाडी ठरवते. याला हौस कसं म्हणायचं?

तिठ्यावरचा:
ताई, तुमच्या वाडीचं खरं असेल, पण सगळीकडे तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा पाच मिनिटांच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, आहे. तिथली पोरं कमी होत गेली, कारण अर्धी तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमात जातात. सकाळी सातला व्हॅन, संध्याकाळी चारला परत. हे अंतर सरकारने लादलेलं नाही, आईबापांनी निवडलेलं आहे. आणि पट घटला की शाळा बंद होण्याची भीती. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं होतं, आठवतं ना? उद्या चालत जाणाऱ्यालाही गाडी लागेल, ती शेजाऱ्याच्या निवडीमुळे.

कणकवलीकडचो:
माझां चेडू नववीत आसा. सकाळची गाडी सात वाजता, शाळा अकराची. मधले चार तास ता बाजारात बसान काय करतलां? म्हणान मी सोडतंय. माका कामाक जावक उशीर जाता, पण इलाज नाय.

निवृत्त गुरुजी:
मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बरीच खाडीकाठच्या शाळांत. चालत येणारी मुलं वर्गात ताजी असायची. पऱ्या, म्हणजे ओढा, कुठे उतरायचा, त्यावरच्या साकवावर, छोट्या पुलावर, शेवाळ कुठे धरतं, हे त्यांना पाठ असे. दोन-तीन किलोमीटरला गाडी लागू नये असं मला आजही मनापासून वाटतं. गाडीतून उतरणाऱ्या मुलाला आपल्या गावाची वाट ठाऊक नसते, ही मला मोठी हानी वाटते.

आबोली:
गुरुजी, आदर ठेवून विरोध करते. तुमच्या वेळी एकेका वाडीतून पंधरा-वीस पोरं एकत्र निघायची. पुढे मोठी, मधे लहान, मागे कोणाची तरी ताई. पावसात वहाळाला पाणी आलं तर मोठा पोरगा धाकट्याला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचा. आता माझ्या वाडीत एकवीस घरं, त्यातली बारा बंद. माणसं मुंबईला, गणपतीत दारं उघडतात. शाळेला जाणारी फक्त दोन, माझी मुलगी आणि शेजारचा चौथीतला बाळू. अडीच किलोमीटरची वाट तीच आहे, पण दोन्ही बाजूंनी रान आत आलंय, संध्याकाळी बिबट्या दिसल्याच्या गोष्टी येतात. वाटेत हाक मारली तर ओ द्यायला घर नाही. मी तिला चालत पाठवत नाही ते अंतरामुळे नाही. सोबत नाही म्हणून. चालायची सवय पोरांनी मोडली नाही, वाडी रिकामी झाली तेव्हा ती मोडली.

निवृत्त गुरुजी:
आबोलीताई, सोबतीचा हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. बरोबर आहे तुमचं.

खाडीपलीकडचा:
मी वेगळं मांडतो. अकरावीतल्या मुलीला मी स्कूटी दिली. कॉलेज १८ किलोमीटर. एसटीचा २०२१-२२ चा संप आठवा. ऑक्टोबरअखेरपासून थेट एप्रिलपर्यंत बहुतेक गाड्या नव्हत्या. वडाप जीपवाल्याने दर वाढवला, पोरं टपावर बसून जायची. त्यानंतर मी ठरवलं, पोरीचं शिक्षण दुसऱ्याच्या वेळापत्रकावर ठेवायचं नाही.

तिठ्यावरचा:
दादा, हे चुकतंय. १६ वर्षांच्या मुलाला गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचाच परवाना मिळतो, आणि तुमची स्कूटी तशी नसणार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वरून मुंबई-गोवा महामार्गाची अवस्था: चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, वळणरस्ते अजून बदलतात. तिथे सोळा वर्षांची पोर?

खाडीपलीकडचा:
कायदा तुम्ही सांगता तसाच आहे, वाद घालत नाही. पण पुन्हा तसा संप झाला आणि ती महिनोन्महिने घरी बसली, तर बारावी गाठायचीच नाही. मला दुसरी वाट दाखवा, मी स्कूटी आज बंद करतो.

घाटमाथा:
सायकल का नाही? बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींचं माध्यमिक शाळेत जाणं सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला.

आबोली:
बिहार सपाट आहे. आमच्याकडे घरापासून रस्त्यावर यायलाच पाखाडीच्या सत्तर पायऱ्या. जूनला शाळा सुरू होते तेव्हाच धो धो पाऊस सुरू होतो. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, गावांना किंवा किनाऱ्यालगत सपाटीवर राहणाऱ्यांना सायकल चालेल, हे मान्य.

आणि भीतीचंही लिहायचं राहिलं. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गेल्या. तेव्हापासून माझी आई पुराच्या दिवशी नातीला कुठल्याच गाडीत बसू देत नाही. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, पण निरोप कधीकधी पोरं घराबाहेर पडल्यावर येतो.

सड्याखालची:
तिठ्यावरच्या दादांचं एक मी मान्य करते: लांबची शाळा निवडणाऱ्यांमुळे जवळची मोडते. माझ्या भावाने तेच केलंय, त्याला मी सांगणार आहे. पण हायस्कूलच्या मुलांना निवड कुठली? तिथे शाळा एकच असते.

खाडीपलीकडच्या दादांनी दुसरी वाट विचारली. माझ्या डोक्यात एवढंच आहे: २०२४ पासून पास शाळेतच देतात, म्हणजे कोणत्या थांब्याची किती मुलं हे शाळेला माहीत असतं. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, तिच्यात पालक बसतात. समितीने ती यादी घेऊन आगारात जावं आणि सव्वापाचची फेरी मागावी. पासवाल्यांची यादी हातात नसली की आगार भारमान दाखवतं, आणि आपण गप्प बसतो. आमच्याकडे पास काढलेले दोनच आहेत, म्हणून आधी बाकीच्या सातांना पास काढायला लावते. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटणार. ज्यांच्या तालुक्यात असा अर्ज देऊन फेरी परत सुरू झाली असेल, त्यांनी कागदात नेमकं काय लिहिलं ते इथे टाका.