मदत हवी आहे: शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक, शुक्रवारच्या आत

खडूफळा
नमस्कार मंडळी, पटकन विचारते. यंदा हेडसरांनी विद्यार्थी मंत्रिमंडळ माझ्या गळ्यात घातलंय. गेल्या वर्षी निवडणूक घेतली, भांडणं झाली, आणि त्याची धुणी अजून धुतोय. शनिवारी शपथविधी ठरलाय, म्हणजे शुक्रवारी मंत्रिमंडळ तयार हवं. कोणी आपल्या शाळेत बरी पद्धत वापरली असेल तर सांगा. 'मुलांना विश्वासात घ्या' छापाचे सल्ले नकोत, बी.एड.ला भरपूर लिहून झालेत.

कुळीथपिठी
कितवी ते कितवी? पट किती? झेडपी की खासगी?

बीपवाजली
मोबाइलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप घ्या, विषय संपला. दोन फोन लागतात. एक सरांकडे, एक मतदान कक्षात. सरांनी बटण दाबलं की मुलाच्या फोनवर उमेदवारांची नावं आणि चिन्हं येतात, दाबलं की लांब बीप. आमच्याकडे बोटाला मार्करची शाईपण लावतो. पाचवीची पोरं घरी जाऊन आजीला बोट दाखवतात. वीस मिनिटांत निकाल. नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणी नाही' हे बटण, ठेवायला विसरू नका, देशात २०१३ पासून आहे, मुलांनाही कळायला हवं.

निवृत्त हेडमास्तर
३४ वर्षं शाळेत काढली, त्या अनुभवावरून सांगतो. निवडणूक हा प्रकारच शाळेत आणू नये. मुलं निवडतात ती जो चॉकलेट वाटेल त्याला. वर्गशिक्षकांनी गुण, वर्तन आणि हजेरी पाहून नेमणूक करावी. आमच्या काळी मॉनिटर सर नेमायचे आणि वर्गात टाचणी पडली तरी आवाज यायचा.

बीपवाजली
सर, टाचणी पडल्याचा आवाज म्हणजे नेतृत्व नव्हे, भीती.

निवृत्त हेडमास्तर
आपण किती वर्षं शिकवता आहात?

बीपवाजली
सहा. पण मोजणीला वर्षं नाही लागत, फोन लागतो.

खडूफळा
अहो भांडू नका, गेल्या वर्षीचं पुरे झालं. पाचवी ते दहावी, पट ११२, अनुदानित. राजापूर तालुका, किनाऱ्याच्या बाजूला. अ‍ॅपचं बघते, पण शाळेत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येतं.

बीपवाजली
नेट लागत नाही. ब्लूटूथवर चालतं. बऱ्याच अ‍ॅपना एकच फोनही पुरतो.

एसटीची वाट
राजापूर! यंदा तुमच्याकडची ती अधूनमधून प्रकटणारी झऱ्यांची गंगा आली का हो?

पन्हळी
भांडण नेमकं कशावरून झालं? ते सांगितल्याशिवाय पद्धत काय सुचवणार? चॉकलेटवरून झालं असेल तर एक उपाय, पालक आले असतील तर वेगळा.

सेवादलवाला
मी वेगळं सुचवतो. मंत्रिमंडळ वगैरे थाट सोडून द्या. मुलांची आठ-आठ जणांची पथकं करा, प्रत्येक पथकात पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं मिसळलेली, पथकनायक दर महिन्याला बदलता. शनिवारी पथकनायकांची बैठक. खेळ, गाणी, श्रमदान. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून हेच करत आलंय. साने गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे, निदान कोकणात तरी हे सांगायला लागू नये.

कुळीथपिठी
पथकं चांगलीच, पण बाईंना शुक्रवारपर्यंत मंत्रिमंडळ हवंय. स्काउट-गाइडमध्येही संघनायक असतातच, तिथे तर गणवेशाचाच खर्च आडवा येतो.

लोककला आणि गुण
एक महत्त्वाचं. दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचेही मिळतात. मुलांचे प्रस्ताव शाळेतूनच जावे लागतात. बऱ्याच शाळा आळस करतात आणि मुलांचं नुकसान होतं. आत्तापासून कागद गोळा करा.

पन्हळी
हे कोणी विचारलं होतं?

लोककला आणि गुण
कोणीच विचारत नाही, म्हणूनच नुकसान होतं.

खडूफळा
शाळा सुटल्यावर लिहितेय, म्हणून उशीर. भांडण वाडीवरून झालं. वरचीवाडी मोठी, शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं तिथली. मग बंदरवाडी. तेरा मुलं साकवापलीकडची (साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल). बाकी शेजारच्या गावातली. गेल्या वर्षी दोनच उमेदवार, वरच्यावाडीचा मुलगा आणि बंदरवाडीची मुलगी. ६३ विरुद्ध ४१. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी बंदरवाडीतले पालक शाळेत. तुम्ही गावकीचं राजकारण शाळेत आणलंत म्हणाले. त्यात दोन दाखले गेले, मुलं तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, पिवळी बस दारात येते ना त्यांची. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरण्याच्या, काळात दोन दाखले म्हणजे काय ते इथल्या शिक्षकांना कळेल.
हेडसर म्हणतात यंदा नकोच. पण शाळा मुंबई मंडळाची, म्हणजे मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या संस्थेची. मंडळाचे कार्याध्यक्ष शनिवारी येतायत, त्यांना शपथविधीचे फोटो हवेत. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीटही काढलंय.

निवृत्त हेडमास्तर
म्हणजे मी म्हणालो तेच झालं.

गावकार नाही मी
मुंबई मंडळ! आमचं पण तसंच होतं. शाळा गावात, निर्णय परळच्या खोलीत. पंखा घ्यायचा तर ठराव मुंबईला जायचा आणि पंखा यायचा गणपतीला, चाकरमान्यांबरोबर. पण एक सांगतो, त्याच लोकांनी पोटाला चिमटा काढून भिंती उभ्या केल्या होत्या, नाहीतर आमची अख्खी पिढी सातवीनंतर आंबा-काजू राखत बसली असती. फोटो मागितला तर द्या बापड्यांना.

बीपवाजली
६३ विरुद्ध ४१ म्हणजे १०४. उरलेले गैरहजर?

खडूफळा
हो, तेव्हा पट ११९ होता. पावसाचे दिवस, साकवापलीकडची आलीच नव्हती.

पन्हळी
मग त्या दिवशी मतदान घेतलंच का?

खडूफळा
मी घेतलं नव्हतं! मी तेव्हा फक्त मोजायला उभी होते.

कुळीथपिठी
मोजायला म्हणजे? मतपत्रिका मोजायला?

खडूफळा
नाही, हात. हात वर करून घेतलं होतं, व्हरांड्यात.

बीपवाजली
🙏

रापणीवरचो
बाई, हात वर करून? मगे भांडणा होतली नायतर काय! वाडीतलो दादा बाजूक उभो आसताना खयचो पोर दुसऱ्याक हात वर करतलो? ता मतदान न्हय, ती शिरगणती.

कुळीथपिठी
हे आधी सांगितलं असतं तर आम्ही एवढं पारायण केलं नसतं हो. आता अ‍ॅप असो की चिठ्ठी, मत गुप्त हवं. आणि साकवापलीकडची मुलं नसतील त्या दिवशी घेऊच नका, पक्का नियमच करा.

पन्हळी
गुप्त मतदानाने भांडण कमी होईल, वाडी मोडणार नाही. ११२ मधले साठ एका वाडीचे असतील तर गुप्त मतदानातही तेच. आमच्याकडे (मंडणगड तालुका) असाच घोळ होता. आम्ही उमेदवारीच जोडीने ठेवली. एक मुलगा एक मुलगी, आणि दोघं वेगवेगळ्या वाडीचे. अर्जावर सूचक एका वाडीचा, अनुमोदक दुसऱ्या वाडीचा. तिसरी सही तिसऱ्या वाडीची किंवा बाहेरगावची. मत जोडीला. पहिल्या वर्षी मुलांनी नुसत्या सह्या गोळा केल्या. दुसऱ्या वर्षी मात्र सही हवी म्हणून वरच्या आळीतला पोरगा पहिल्यांदा कोळीवाड्यात एका मित्राच्या घरी गेला, तिथे जेवून आला, आणि त्याची आई आम्हाला विचारायला आली की याला सुकट कधीपासून आवडायला लागली.

निवृत्त हेडमास्तर
हे पटण्यासारखं आहे. तरी मुख्यमंत्री मुलांनी थेट निवडू नये. वर्गप्रतिनिधी निवडा, ते मुख्यमंत्री निवडतील.

बीपवाजली
सर, थेट की प्रतिनिधींतून यावर राज्यालाच ठरवता येत नाही. सरपंच २०१७ ला थेट, २०२० ला ते रद्द, २०२२ ला परत थेट. शाळेत पण दरवर्षी बदलू या का?

एसटीची वाट
सरपंचाचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावात...

कुळीथपिठी
नको. वेगळा धागा काढा.

शिमगा
मला सगळ्यांचं थोडं नवल वाटतंय. नेतृत्व शिकवायचं म्हणता आणि गावात ते रोज चाललंय. नागपंचमी झाली की जाखडी नाचाच्या तालमी सुरू होतात. आमच्या वाडीत दहावीला दोनदा बसलेला पोरगा आहे. गोलातली सगळी पोरं त्याच्या इशाऱ्यावर पाय टाकतात, घुंगरं कोणाची, वर्गणी कुणाकडून राहिलीय, कोणाचा बाप मुंबईहून कधी येणार, सगळं तोंडपाठ. शाळेत तो शेवटच्या बाकावर. त्याला मतदान घेऊन कोणी निवडलं नाही. काम आलं, त्याने केलं. मंत्र्यांना काम काय देता ते सांगा बाई.

खडूफळा
काम... खरं सांगू? शपथविधीनंतर काही नाही. आरोग्यमंत्र्याने गेल्या वर्षी मलाच विचारलं, मॅडम मी काय करू. मी म्हटलं नखं तपास. त्याने आधी माझीच तपासली.
पाच वाजता थांबवून काही करून घ्यावं म्हटलं तर ५.१० ची एसटी. ती गेली की थेट ७.३० ची. मुली तर थांबूच शकत नाहीत.

एसटीची वाट
हा माझा विषय! आगार व्यवस्थापकांना पत्र द्या. पण नुसती विनंती नको. त्या मार्गावर किती मुलांचे सवलत पास आहेत, किती मुलींचे अहिल्याबाई होळकर योजनेतले मोफत पास, हा आकडा टाका आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. आकडा बघितला की आगारातला माणूस जरा तरी वाचतो. आठवड्यातून एक दिवस ५.१० ची गाडी अर्धा तास उशिरा सोडा म्हणा. आमच्याकडे बुधवार मिळाला. चार महिने टिकला, मग चालक बदलला.

शिमगा
म्हणजे तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीतलीच कामं द्यायला हवीत. पोषण आहाराची पंगत, पिण्याच्या टाकीची तोटी, प्रार्थनेचा माइक, वाचनपेटी. एकेका खात्याला दोनच कामं, पण ती न झाली तर शाळेला कळली पाहिजेत.

खडूफळा
पंगत आत्ताही मुलंच सांभाळतात तशी. आणि पावसात साकवापलीकडच्यांना लवकर सोडावं लागतं, तेव्हा ती बंदरवाडीची गेल्या वर्षी हरलेली मुलगी त्यांना रांगेत लावते, मोजते आणि तेराच्या तेरा झाले की मला येऊन सांगते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा लहान मावसभाऊ पलीकडे राहतो, म्हणून असेल.

शिमगा
बाई, तुमचं एसटी आणि साकव खातं तयार आहे की.

रापणीवरचो
ह्याच म्हणतंय. हरलली ती, पण काम तीच करता.

कुळीथपिठी
एक मिनिट. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पाणी किती वेळात कुठून कुठे चढलं ते मी पाहिलंय. साकवावर पाणी किती आलं आणि जायचं की थांबायचं हे चौदा वर्षांच्या मुलीने ठरवायचं नाही. खातं द्या, मोजायला द्या, पण साकवापर्यंत मोठं माणूस गेलं पाहिजे. शिक्षक, शिपाई, पालक, कोणीही.

शिमगा
तिने ठरवावं असं मी कुठे म्हणालो?

कुळीथपिठी
खातं दिलं की मोठ्यांना वाटतं सुटलो. म्हणून बोलले.

शिमगा
मान्य. साकवाच्या खांबाला रंगाचा पट्टा मारून घ्या ग्रामपंचायतीकडून. पट्टा बुडाला तर कोणीच नाही जायचं, मुलं शाळेतच थांबतील. मग ठरवायला काही उरत नाही.

निवृत्त हेडमास्तर
त्या मुलीला मुख्यमंत्री नेमा. मतदानाची गरज नाही.

पन्हळी
नेमलीत तर वरचीवाडी म्हणेल बाईंनी बंदरवाडीची बाजू घेतली. तिला जोडीदार शोधू दे आणि उभी राहू दे. सर, तुम्ही ३४ वर्षांत एकदा तरी हरलेल्या मुलाला पुन्हा उभं राहताना पाहिलं असेल ना?

निवृत्त हेडमास्तर
पाहिलं आहे. एक होता. नंतर पंचायत समितीवर गेला. माझ्याकडे यायचा.

खडूफळा
आज तिला विचारलं. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, परत हात वर करून आहे का. चिठ्ठीवर आहे म्हटल्यावर, बघते म्हणाली. वरच्यावाडीतल्या एका नववीच्या मुलीबरोबर पाणी भरताना बोलताना दिसली, पण दोघी मुलीच. जोडी एक मुलगा एक मुलगीच हवी का?

पन्हळी
आमचा नियम तसा होता, तुम्ही वेगळा करा. वाड्या वेगळ्या हव्यात, तो भाग सोडू नका. बाकी जोडी दोन मुलींची असली तर काय बिघडतं?

बीपवाजली
मतपेटी आहे का? अ‍ॅप नको असेल तर निदान पेटी नीट करा.

खडूफळा
आंब्याची रिकामी पेटी आहे, शिपाईकाकांनी फट पाडून दिली. वर 'देवगड हापूस' लिहिलंय, ते खरवडायला घेतलंय.

रापणीवरचो
राजापुरात देवगडचो हापूस? ह्यो घोटाळो आधी मिटवा 😄

खडूफळा
अपडेट: शनिवारी रेड अलर्ट, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केलीय, शुक्रवारीही मुलं निम्मी येतील. कार्याध्यक्षांनी तिकीट रद्द केलं, गणपतीला येतो म्हणाले. मतदान आता मंगळवारी, पट भरला तर. पन्हळी, तो जोडीच्या अर्जाचा नमुना टाकाल का? सह्यांच्या रकान्यासकट.

पन्हळी
रात्री टाकतो. सकाळपासून लाइट नाही इकडे, फोन १४ टक्क्यांवर आहे.